केर काढणारा माणूस

2017 च्या उन्हाळ्यात माझी आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे, सिएटलजवळच्या बेलव्ह्यूला आली होती. रविवारी रात्री जेवणे उरकली की मी 'ट्विन पीक्स' ही अमेरिकी मालिका पाहायला टीव्हीसमोर बसत असे, आणि आईला त्या मालिकेतले फारसे काही कळत नसले तरी मुलीच्या शेजारी बसायचे एवढ्याच कारणासाठी ती सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला विणकाम घेऊन बसे. 18 जूनच्या रात्री पडद्यावर एक रिकामा बार दिसत होता, त्याचा पूर्ण मोकळा फरशीचा पट्टा दिसत होता, आणि एक माणूस लांब दांड्याच्या झाडूने केर लोटत होता. मागे एक जुनी, ठेक्याची धून वाजत होती. कॅमेरा हलत नव्हता. एक मिनिट गेले, दुसरेही गेले, तरी तो माणूस केरच लोटत होता. आईने सुया थांबवल्या. "अगं, हा किती वेळ केर काढणार आहे?" तिने विचारले. मला माहीत नव्हते. आणखी थोडा वेळ पाहून ती म्हणाली, "काढतोय मात्र नीट. कोपरे सोडत नाही."

'ट्विन पीक्स'च्या पुनरागमनाबद्दल त्या उन्हाळ्यात आणि नंतर जे काही ऐकले आणि वाचले, त्यात आईचे हे वाक्य मला अजूनही सर्वांत निर्मळ वाटते. कारण बाकीचे सगळे, मी धरून, त्या दोन मिनिटांत काहीतरी शोधत होतो. कोणी केराच्या ढिगाच्या आकारात खूण शोधत होते, कोणी घड्याळ पाहत होते, तर कोणी मनातल्या मनात वाहिनीला भरलेल्या वर्गणीचा हिशेब करत होते. आईने मात्र समोर जे चालले होते ते पाहिले.

ही मालिका ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. डेव्हिड लिंच हे विलक्षण, स्वप्नासारखे तर्क चालवणारे चित्रपट करणारे दिग्दर्शक आणि दूरचित्रवाणीवर लेखनाची घडी पक्की बसलेले मार्क फ्रॉस्ट यांनी मिळून 8 एप्रिल 1990 रोजी अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर ही मालिका आणली. वॉशिंग्टन राज्यातल्या एका काल्पनिक, लाकूडतोडीवर जगणाऱ्या गावात लॉरा पामर ही शाळकरी मुलगी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या मृतावस्थेत सापडते, आणि तपासासाठी डेल कूपर हा एफबीआयचा अधिकारी येतो. त्याला कॉफी अतिशय प्रिय असते, चेरी पाय हा फळांचा गोड पदार्थ त्याहून प्रिय असतो, आणि तो पुराव्यांइतकाच स्वप्नांवरही विश्वास ठेवतो. पहिला भाग सुमारे 3 कोटी 46 लाख लोकांनी पाहिला. लॉराला कोणी मारले हा त्या वर्षीचा देशभराचा प्रश्न झाला, आणि वाहिनीच्या आग्रहामुळे नोव्हेंबर 1990 मध्ये त्याचे उत्तर देऊन टाकावे लागले. सोन्याची अंडी देणारी कोंबडीच त्या वेळी मारली गेली, असे लिंच पुढे म्हणत असत. प्रेक्षक पांगले. चाहत्यांनी वाहिनीला हजारो पत्रे लिहिली, पण 10 जून 1991 रोजी मालिका संपली, आणि तीही कूपरचा दुष्ट तोतया आरशावर कपाळ आपटून हसतो अशा ठिकाणी. खरा कूपर लाल पडद्यांच्या त्या दुसऱ्या जगात अडकून राहिला. तिथेच लॉराने त्याला सांगितले होते की 25 वर्षांनी मी तुला पुन्हा भेटेन.

आमच्या भागात राहणाऱ्या मराठी माणसांचा या गावाशी न कळत परिचय असतो. भारतातून आई-वडील आले की प्रत्येक घर त्यांना स्नोक्वाल्मीच्या धबधब्यावर नेतेच. 268 फुटांवरून कोसळणारे ते पाणी आणि त्याच्या माथ्यावरचे ते हॉटेल मालिकेच्या शीर्षकदृश्यात आहे. तिथून थोड्या अंतरावर नॉर्थ बेंडमध्ये ते उपाहारगृह आहे, जिथे कूपर चेरी पाय खात असे. 2000 साली तिथे आग लागली आणि आतली जुनी सजावट गेली. माझा एक ज्येष्ठ सहकारी, ज्याने वयाच्या विसाव्या वर्षी ही मालिका पहिल्यांदा पाहिली होती आणि जिच्या व्हिडिओ कॅसेट त्याने अजून जपल्या होत्या, तो त्या आगीबद्दल घरातले कोणी गेल्यासारखे बोलत असे. मग 2015 मध्ये नव्या चित्रीकरणासाठी निर्मात्यांनी ती जागा आतून पुन्हा जशीच्या तशी उभी केली. तेच लाकडी फळ्यांचे अस्तर, तीच बाके, तोच काउंटर. तो मला एका शनिवारी मुद्दाम तिथे घेऊन गेला आणि बाकाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला की आता सगळे परत येणार. मला वाटते, पुढे जे झाले त्याचे मूळ या वाक्यात होते. जागा परत मिळाली म्हणून काळही परत मिळेल, असे त्याला वाटले होते, आणि त्याच्यासारख्या हजारोंना वाटले होते.

त्यांना तसे वाटावे अशी व्यवस्थाही झाली होती. ऑक्टोबर 2014 मध्ये लिंच आणि फ्रॉस्ट या दोघांनीही एकाच वेळी मालिकेतल्या एका जुन्या संवादाची ओळ जाहीर केली, की तुम्हाला आवडणारे ते च्युइंगम पुन्हा प्रचलित होणार आहे; आणि तीन दिवसांनी शोटाइम वाहिनीने नव्या भागांची घोषणा केली. 2015 च्या एप्रिलमध्ये, कामासाठी पुरेसा पैसा देऊ केलेला नाही असे सांगून लिंच बाजूला झाले. तेव्हा मूळ कलावंतांनीच लिंचशिवाय ही मालिका म्हणजे काय असेल हे सांगणारी चित्रफीत काढली आणि चाहते तिच्यामागे उभे राहिले. मे महिन्यात लिंच परतले, आणि ठरलेल्या 9 भागांऐवजी 18 भाग झाले. सर्व 18 भाग त्यांनी स्वतः दिग्दर्शित केले. ज्या लोकांनी हा माणूसच हवा, दुसरा कोणी नको, असा हट्ट धरला होता, त्यांच्यातल्याच कित्येकांना दोन वर्षांनी हा माणूस नको होता, ही त्या उन्हाळ्याची गंमत होती.

21 मे 2017 रोजी पहिले दोन भाग दाखवले गेले. प्रक्षेपणाच्या रात्री ते पाहणारे सुमारे पाच लाख होते. बाकीच्यांनी नंतर सोयीने पाहिले, त्यामुळे जुन्या कोट्यवधींशी त्यांची थेट तुलना करणे बरोबर नाही, पण 1990 मध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कार्यालय एकाच गोष्टीबद्दल बोलत असे तसे आता होणार नव्हते हे खरे. आमच्या कार्यालयात आम्ही तिघेच होतो. एक हा ज्येष्ठ सहकारी. दुसरी पंचविशीची एक मुलगी, जिने जुने सगळे 30 भाग एका आठवड्यात संपवले होते आणि जिच्यासाठी 25 वर्षांची प्रतीक्षा म्हणजे मधली एक सुट्टी होती. तिसरी मी. मी 2008 मध्ये पुण्यात, एका मैत्रिणीच्या लॅपटॉपवर, परीक्षेच्या काळात जी गोष्ट करू नये ती करत ही मालिका पाहिली होती. माझी प्रतीक्षा नऊ वर्षांची, आणि तीही थोडी उसनी होती. दर सोमवारी आम्ही तिघे कॉफीयंत्रापाशी जमत असू आणि दर सोमवारी आम्ही तीन वेगळ्या मालिका पाहिल्याचे लक्षात येत असे.

भांडणाचे मूळ होते डगी. तिसऱ्या भागात कूपर त्या दुसऱ्या जगातून विजेच्या सॉकेटमधून बाहेर पडतो आणि लास व्हेगासमधल्या डगी जोन्स नावाच्या विमा कर्मचाऱ्याच्या जागी येऊन पडतो, पण त्याचे मन मागेच राहिलेले असते. तो धड चालू शकत नाही. समोरच्याने बोललेले शेवटचे दोन शब्द तेवढे तो परत म्हणतो. त्याला लिफ्टमध्ये ढकलावे लागते, त्याचा टाय बांधून द्यावा लागतो. काइल मॅक्लाक्लन यांच्यासारख्या देखण्या, तरतरीत नटाला पंचवीस वर्षांनी परत आणायचे आणि त्याच्याकडून हे करून घ्यायचे, याचा माझ्या सहकाऱ्याला इतका संताप आला की सहाव्या भागानंतर त्याने पाहणे सोडल्याचे जाहीर केले. (सोमवारी तो तरीही यायचा आणि काय झाले ते विचारायचा, तेव्हा त्याने सोडले होते असे मी मानत नाही.) प्रत्येक आठवड्याला चाहते वाट पाहत होते की आज तो जागा होईल. प्रत्येक आठवड्याला त्याला कोणीतरी कॉफी देत असे, तो कप दोन्ही हातांनी धरून पीत असे, चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उजळत असे, आणि मग पुन्हा विझत असे.

माझे मत असे आहे, आणि ते त्या उन्हाळ्यात मी सहकाऱ्याला सांगितले नाही, कारण ते त्याला लागले असते. डगी हा चाहताच होता. विचार करा, तो कशाला प्रतिसाद देतो? कॉफीला. चेरी पायला. पोलिसाच्या बिल्ल्याला. कोणाच्या तोंडून ओळखीचा शब्द आला की त्या शब्दाला. मधल्या काळात जग किती बदलले, बायको काय म्हणते आहे, मुलाला काय हवे आहे, यातले काही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पंचवीस वर्षांपूर्वीची एखादी खूण दिसली की तो थबकतो आणि तिच्याकडे हात नेतो. आम्हीही नव्या भागांत नेमके हेच करत होतो. ओळखीचा चेहरा दिसला, जुन्या धुनेचे दोन स्वर वाजले, की सोफ्यावर सरसावून बसायचे, बाकीच्या वेळी चुळबुळ करायची. दिग्दर्शकाने कूपर नाकारला, हे खरे नाही. त्याने आम्हाला आमच्या आठवणीचा आरसा दिला, आणि त्यात दिसणारा माणूस आम्हाला आवडला नाही.

आईला डगी पहिल्या दिवसापासून आवडला. तिची एकच तक्रार होती, की या माणसाला कोणी डॉक्टरकडे का नेत नाही. दहाव्या भागात नेओमी वॉट्स यांनी रंगवलेली त्याची बायको त्याला खरोखरच डॉक्टरकडे घेऊन जाते, तेव्हा आई म्हणाली, "नेलं एकदाचं." जिला वाट पाहायची नव्हती तिला वाट पाहण्याचा त्रास नव्हता.

आठवा भाग 25 जूनला आला. त्याच्याविषयी इतके लिहिले गेले आहे की मी फार लिहिणार नाही, पण तो टाळताही येत नाही. काही वेळाने पडदा कृष्णधवल होतो, 16 जुलै 1945 ही तारीख आणि न्यू मेक्सिकोतली जागा उमटते, जगातला पहिला अणुस्फोट दूरवर होतो, आणि कॅमेरा अतिशय संथपणे त्या ढगाच्या आत शिरतो. मागे पोलिश संगीतकार पेंडेरेत्स्की यांची हिरोशिमाच्या बळींसाठीची रचना, व्हायोलिनच्या किंचाळ्यांची. त्यानंतर बराच वेळ जवळपास शब्दच नाहीत. काजळी फासलेली माणसे येतात आणि सिगारेटसाठी विस्तव मागतात. आमची पंचविशीची मैत्रीण दुसऱ्या दिवशी बोलूच शकत नव्हती. दूरचित्रवाणीवर असे काही कोणी कधीच केलेले नाही, एवढेच ती म्हणत राहिली. ज्येष्ठ सहकाऱ्याने विचारले, "पण लॉरा कुठे होती?" ती होती, खरे तर. एका सोन्याच्या गोळ्यात तिचा चेहरा होता. पण त्याला तसे नको होते, आणि त्याचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही. वाहिनीने पुढच्या रविवारी, 4 जुलैच्या सुट्टीमुळे, भाग दाखवला नाही. ते दोन आठवडे चाहत्यांनी जो वाद घातला त्यात मला एक गोष्ट खटकली: ज्यांना तो भाग कळला नाही त्यांना मंदबुद्धी ठरवण्याची घाई. कळल्याचा दावा करणाऱ्यांपैकी अनेकांना तो कळला नव्हता. त्यांना तो आवडला होता, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

स्तुतीचा हाच अतिरेक पुढे समीक्षेतही झाला. फ्रान्सच्या 'काये द्यु सिनेमा' या मासिकाने वर्षाच्या शेवटी हिला 2017 चा सर्वोत्तम चित्रपट ठरवले, आणि मग ही मालिका की अठरा तासांचा चित्रपट, यावर वर्षभर खल चालला. हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. चित्रपट म्हणणाऱ्यांना आपल्या आवडीला मोठे नाव हवे होते, मालिका म्हणणाऱ्यांना दूरचित्रवाणीचा मान राखायचा होता. कोणीही असे फारसे म्हणत नव्हते की जुन्या मालिकेतल्या ऑड्रीच्या प्रसंगांत, म्हणजे शेरिलिन फेन यांच्या वाट्याला आलेल्या त्या बंद खोलीतल्या न संपणाऱ्या भांडणात, मालिका खरोखर अडखळली होती. ती बाराव्या भागात येते, तिच्या कथेचा धागा कुठे जोडलेला आहे ते सांगितले जात नाही, आणि शेवटी एका पांढऱ्या खोलीत आरशासमोर ती दचकून जागी होते तिथे तो धागा सोडून दिला जातो. दिग्दर्शक थोर आहे म्हणून प्रत्येक सुटलेला टाका नक्षी ठरत नाही.

जिथे चाहत्यांचे एकमत झाले ती जागा वादाच्या पलीकडची होती. ओंडका मांडीवर घेऊन बसणाऱ्या बाईची भूमिका करणाऱ्या कॅथरीन कूल्सन आपली दृश्ये चित्रित करून काही दिवसांतच, सप्टेंबर 2015 मध्ये गेल्या होत्या. पडद्यावर त्या आजारी, केस गेलेल्या, नाकात प्राणवायूची नळी असलेल्या दिसत. आणि पंधराव्या भागात त्या पोलीस ठाण्यातल्या हॉकला फोन करून सांगतात की मी आता मरते आहे. त्यांची पात्र म्हणून आणि माणूस म्हणून मरण्याची वेळ एकच झाली होती. त्या रात्री कोणी सिद्धान्त मांडले नाहीत. मालिकेशी जोडलेल्या इतर कलावंतांपैकी डेव्हिड बोवी 2016 मध्ये गेले होते, मिगेल फेरर प्रक्षेपणाच्या आधी गेले, हॅरी डीन स्टॅन्टन शेवटचा भाग झाल्यावर बारा दिवसांनी गेले. भागाच्या शेवटी कोणाच्या तरी स्मृतीस अर्पण केलेली ओळ येणार, याची सवय होऊन गेली. पंचवीस वर्षे गेली आहेत हे कथेने सांगण्याआधी कलावंतांच्या चेहऱ्यांनी सांगितले होते, आणि दिग्दर्शकाने एकाही सुरकुतीवर रंग चढवला नव्हता.

मग सोळावा भाग. त्याच्या आधल्या भागात डगी टीव्हीवर लागलेल्या एका जुन्या चित्रपटातले एक नाव ऐकतो, काटा हातात घेऊन सॉकेटपर्यंत रांगत जातो आणि कोसळतो. (जुने काहीतरी टीव्हीवर पाहून जागा होणारा माणूस. मी माझ्या सिद्धान्तावर ठाम आहे.) 27 ऑगस्टला रुग्णालयाच्या खाटेवर कूपर डोळे उघडतो, सुस्पष्ट, नेमके बोलतो, जुनी धून पूर्ण वाजते, आणि तो म्हणतो की मीच एफबीआय. विलंबित ख्यालात गायक सम टाळत टाळत इतका लांब जातो की श्रोता अस्वस्थ होतो, आणि ती सम अखेर आली की सभागृहात एकाच वेळी माना हलतात, तसे त्या रात्री झाले. ज्येष्ठ सहकाऱ्याने मला रात्री दहा वाजता फोन केला. तो रडत होता. त्याने पाहणे सोडले होते, हे त्याच्या लक्षात राहिले नव्हते.

त्याच्या आनंदाला एक आठवडा मिळाला. 3 सप्टेंबरला शेवटचे दोन भाग आले. सतराव्या भागात दुष्ट तोतया संपतो, आणि कूपर काळातून मागे जाऊन लॉराला तिच्या मृत्यूच्या रात्रीच हाताला धरून बाहेर काढतो. काही क्षण वाटते की संपले. पण वाटेत तिचा हात सुटतो. अठराव्या भागात कूपर दुसऱ्याच एका जगात, टेक्सासमधल्या ओडेसा गावात, लॉरासारख्याच दिसणाऱ्या कॅरी पेज नावाच्या बाईला शोधतो आणि रात्रभर गाडी चालवून तिला लॉराच्या घरी घेऊन येतो. दार उघडते. आत तिची आई नाही. अनोळखी बाई आहे. कूपर विचारतो, घर तुमचे स्वतःचे का, कोणाकडून घेतले; ती सौजन्याने उत्तरे देते; त्यातले एकही नाव त्याला हवे ते नसते. दोघे रस्त्यावर उभे राहतात. कूपर म्हणतो, "हे कोणते वर्ष आहे?" ती किंचाळते. घरातले दिवे जातात.

सुट्टीनंतरच्या मंगळवारी आमचे तीनही मत एकमेकांपासून इतके लांब होते की आम्ही कॉफी घेऊन आपापल्या जागी परतलो. मुलगी म्हणाली की हे दोन भाग एकाच वेळी शेजारी शेजारी लावले की खरा शेवट दिसतो, आणि तिने ते करूनही पाहिले होते. तसे करणारी ती एकटी नव्हती. सहकारी म्हणाला, "मी सत्तावीस वर्षे थांबलो, आणि शेवटी मलाच विचारले की वर्ष कोणते." तो हसत होता, पण विनोद करत नव्हता. मला काय वाटले ते मला तेव्हा नीट सांगता आले नाही. त्या घराच्या दारात उभी राहिलेली बाई ही त्या घराची खरी मालकीण होती, नटी नव्हती, हे मला नंतर कळले. घर एव्हरेटमध्ये आहे, आमच्यापासून फार लांब नाही. चाहते तिथे जातात आणि रस्त्याच्या पलीकडून पाहतात. मी एकदा गेले होते. आम्ही चौघे-पाच जण, एकमेकांना अनोळखी, पायवाटेवर उभे होतो, कोणी फोटो घेत होते, दाराकडे कोणीही जात नव्हते.

शेवटचा भाग संपल्यावर खोलीत अंधारच राहिला होता, कारण मी दिवा लावायला उठले नव्हते. आई बराच वेळ गप्प होती. मग ती म्हणाली की वाडा विकल्यावर सात-आठ वर्षांनी ती एकदा मिरजेला गेली होती, लग्नाला, आणि पाय आपोआप त्या गल्लीकडे वळले. दार तेच होते, कडी नवी होती. एका बाईने उघडले. कडेवर मूल होते. आई म्हणाली, "मी तिला काय विचारलं माहितीये? वाडा कोणाकडून घेतला म्हणून. मला माहीत नव्हतं का? आमच्याकडूनच गेला होता, मधे दोनदा विकला गेला. तिला आमचं नावही ठाऊक नव्हतं."

"मग?" मी विचारले.

"मग काय. तिने विचारलं, पाणी देऊ का. मी म्हटलं, नको, चुकून आले."